पोट कुणाचं?

ब्रेडा शहराच्या दक्षिणेला मास्टबॉस नावाचं जंगल आहे. सोळाव्या शतकात लावलेल्या पाइन वृक्षांचं. रविवारी सकाळी तिथे धावणाऱ्यांची इतकी वर्दळ असते, की पायवाटेवर एकमेकांना ‘मॉर्गन’ म्हणता म्हणता दम लागावा. गेली दोन वर्षं त्या गर्दीत मीही असतो. वास्तविक ब्राबांट हा या देशातला खाण्यापिण्याचा शौकीन प्रांत. इथली माणसं स्वतःला अभिमानाने ‘बुर्गोंडिश’ म्हणवतात. आपल्याकडे ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात त्याच्या जवळपासचा हा शब्द. अशा गावात राहून मी पोट सपाट करायला निघालो, त्याची सुरुवात मात्र हाउसआर्ट्सच्या दवाखान्यात झाली.

रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. डॉक्टरीणबाईंनी कमरेला टेप गुंडाळली: ९७ सेंटिमीटर. युरोपीय पुरुषाला ९४ ही धोक्याची रेषा मानतात, तुमच्यासाठी ती ९० आहे, असं त्यांनी सांगितलं. मला आधी रागच आला. कमरेलासुद्धा पासपोर्ट लागतो की काय?

ही वेगळी रेषा का आली, त्याचं बरंचसं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे जुळे भाऊ, आणि आत दोन वेगळी माणसं. युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं, असा विनोदही त्या छोट्या लेखात आहे. पण प्रश्न फक्त आळसाचा नव्हता. पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत कमी भरली, पोटाच्या अवयवांत कमी भरली, चरबीत मात्र फारशी मागे नव्हती. आईच्या पोटात उपासमार सोसताना शरीराने काय वाचवायचं आणि काय सोडायचं, ते आधीच ठरवून टाकलं होतं.

डच माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार झाली, आणि त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलांमध्ये पुढे मधुमेहाकडे झुकणारी शरीरं अधिक दिसली. ब्रेडा तेवढं वाचलं. जनरल माचेक यांच्या पोलिश तुकडीने २९ ऑक्टोबर १९४४ रोजी ते मुक्त केलं होतं. भूक नद्यांच्या उत्तरेला राहिली.

हे सगळं वाचल्यावर ढेरीकडे बघायची माझी नजर बदलली. ‘सुटलेलं पोट म्हणजे सुटलेला माणूस’ हा हिशेब आपण फार सहज मांडतो. पूर्वी पोट हे सुबत्तेचं लक्षण होतं, आता ते चारित्र्याचं प्रमाणपत्र झालंय. ज्याचं पोट सपाट तो शिस्तीचा, नियतीवर मात करणारा. पण पोटाचा काही भाग जर माझ्या जन्माआधीच ठरला असेल, तर त्याची लाज पूर्ण माझी नाही. आणि मग ते घटवल्याचा अभिमान तरी पूर्ण माझा कसा? लाज सोडायला आपण तयार असतो, अभिमान सोडायला नाही.

कसं घटवलं ते थोडक्यात. क्रंचेस मारून पोटावरची चरबी वितळत नाही; शरीर चरबी काढतं ती सगळीकडून, आणि कुठून आधी काढायची ते आपल्याला विचारत नाही. पोटाचे व्यायाम पोटाचे स्नायू घडवतात, बस्स. त्यामुळे धावणं, आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं, भात निम्मा, डाळ-उसळ दुप्पट, संध्याकाळची बिअर आणि फरसाण बंद. आठ महिन्यांत कंबर ८८ वर आली, साखर उंबरठ्यावरून मागे गेली. डॉक्टरीणबाई खूश, मी खूश.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, कारण आता मला पोटावर त्या आडव्या रेघा हव्या होत्या.

८८ पर्यंत जे चाललं होतं ते आरोग्य होतं. ८८ नंतर काय होतं? साखरेला त्या रेघांची गरज नव्हती, हृदयालाही नव्हती. तरी कुणी आग्रह केला की मी तेच वाक्य म्हणायचो: “डॉक्टरांनी सांगितलंय.” आता ते खोटं होतं. परदेशातल्या आपल्या मंडळींत हे वाक्य म्हणजे ब्रह्मास्त्र; त्यापुढे यजमानीण हात टेकते. मला सुंदर दिसायचंय, असं सेहेचाळिसाव्या वर्षी म्हणायची लाज वाटत होती, म्हणून आजार पुढे केला.

सुंदर दिसावंसं वाटण्यात गैर काय, असा प्रश्न एका मित्राने केला, आणि तो खोडता येत नाही. आरसा बघूनच निम्मं जग धावायला बाहेर पडतं. टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवलं, याचे आपण गोडवे गातो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांनाही घालायला लावत. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने विलायतेतही नमस्कार नेले. मी म्हणालो, त्यांना शरीर कशासाठी तरी हवं होतं. मित्र म्हणाला, “आणि टिळकांना शेवटी मधुमेह झालाच ना?” त्यावर मला उत्तर सुचलं नाही. ‘कशासाठी तरी’ हे नेहमी मागाहून ठरतं, हे मला पटतं. पण एक फरक राहतोच. टिळकांचं शरीर कमावून झालं आणि ते दुसऱ्या कामाला लागले. माझं काम संपतच नव्हतं. सिक्स पॅक म्हणजे असं घर, ज्याला रोज रंग द्यावा लागतो.

याच सुमारास आई तीन महिन्यांसाठी आली. ती माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती तेरा वर्षांची होती; दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मिळेल ती सुकडी आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी खायची. पुढे सातेक वर्षांनी मी झालो. एकट्या माणसाबद्दल अशी वंशावळ मांडता येत नाही, हे मला कळतं. तरीही माझी कमर कुठून मोजायला सुरुवात करायची, हा प्रश्न तिच्याकडे बघताना मनात यायचाच.

तिने पुरणपोळी केली. मी ती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली, ग्रॅम बघितले, अर्धी मोडून परत ताटात ठेवली. आई म्हणाली, “अरे, तोलून जेवायला हे काय रेशनचं दुकान आहे का?” मी हसलो, ती हसली नाही. तिने आयुष्यात तोलून मिळालेलं अन्न खाल्लेलं होतं.

रेने देकार्त हा तत्त्वज्ञ १६१८ साली, बावीस वर्षांचा असताना, सैनिक म्हणून याच ब्रेडात होता. १० नोव्हेंबरला इथेच त्याची इझाक बेकमनशी गाठ पडली आणि त्याचं डोकं गणिताकडे, विचाराकडे वळलं. मन वेगळं, शरीर वेगळं, असं म्हणणारा माणूस म्हणून आपण त्याला शाळेपासून ओळखतो. पण १६४१ च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये, शेवटच्या प्रकरणात, तो भुकेचंच उदाहरण घेतो. मी शरीरात जहाजातल्या खलाशासारखा बसलेला नाही, असा त्याचा मुद्दा आहे. खलाशी जहाजाचं भोक डोळ्यांनी बघतो. मी तसा असतो तर शरीराला अन्न हवंय हे मला नुसतं कळलं असतं, भूक लागली नसती.

मला ते वाचून चपराक बसली. कारण मी नेमका तो खलाशी झालो होतो. मला भूक लागत नव्हती. फोनवर ‘३४० उरल्या’ असं दिसत होतं. पोट भरल्याचंही मला आकड्यावरून कळायचं. शरीरावर ताबा मिळवता मिळवता मी त्यातून बाहेर येऊन काठावर उभा राहिलो होतो. आईची पोळी बाहेरून बघितली की ती पदार्थ राहत नाही, माल होतो. आणि माल मोजणं यात अपमान कसला, असं खलाशाला खरंच वाटतं.

तरी हे माझ्यापुरतं होतं तोवर मी चालवून घेतलं असतं. एका गुरुवारी मुलीचा ब्रोडट्रोमेल धुवायला घेतला, तर आतलं सँडविच तसंच. शुक्रवारीही तसंच. ती तेरा वर्षांची आहे. विचारल्यावर म्हणाली, “बाबा, तूच म्हणतोस ना, ब्रेड म्हणजे नुसत्या कॅलरी.” मी तिला कधीच काही शिकवायला गेलो नव्हतो. काटा ओट्यावर होता, एवढंच. माझ्या पोटाशी तिचा संबंध काय, असं मी धरून चाललो होतो. ती मात्र दीड वर्ष रोज रात्री माझ्या समोर बसून जेवत होती.

त्या रात्री आईने तिला सुकडीची गोष्ट सांगितली. बोधकथा म्हणून नव्हे. सुकडी कशी लागायची, मुलं तिच्यासाठी रांगेत कशी भांडायची, ते. मुलगी म्हणाली, “आजी, ती करून दे.” आईने गूळ घालून काहीतरी केलं, मूळची अशी गोड नव्हती हेही सांगितलं, आणि आम्ही तिघांनी ती वाटीने खाल्ली.

काटा आता तळघरात आहे. कंबर ८९-९० च्या आसपास फिरते, रेघा आल्या तशा गेल्या. मी अजून धावतो, भात अजून निम्माच घेतो, आणि न्हाणीघराच्या आरशात अजून कडेने उभं राहून बघतो. ते काही सुटलेलं नाही. ब्रोडट्रोमेल रोज उघडून बघतो, पण मुलीसमोर नाही. आई माणला परत गेली. रविवारी फोनवर पहिला प्रश्न तिचा ठरलेला असतो, “काय खाल्लंस?” पूर्वी मी “झालं जेवण” म्हणून विषय बदलायचो. आता पदार्थांची नावं सांगतो, तिखट किती होतं तेही.