उद्दालकाची नराणी आणि अणुशक्तीचं जहाज

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराचा ट्रक रिकामा होतो, तेव्हा लोखंडाचं गोत्र कुणी विचारत नाही. फाळ, पत्रे, गंजलेले गर्डर, सगळ्यांचा इंडक्शन भट्टीत एकच रस होतो. त्याचं बिलेट पडतं आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर येते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच शिकवतो: आकार केवळ नावापुरता, खरं ते द्रव्य. त्याचे माती आणि सोन्याचे दाखले सर्वांना ठाऊक असतात. तिसरा दाखला लोखंडी नराणीचा, म्हणजे नखं काढायच्या हत्याराचा. तो फारसं कुणी सांगत नाही. जालन्याला खरं तर तोच जवळचा.

‘विक्रांत’ या कसोटीला उतरली. ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात आलेली ही विमानवाहू नौका २०१४-१५मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली आणि तिचं काही पोलाद मोटारसायकलींत गेलं. नाव आणि आर-११ हा क्रमांक मात्र २०२२मध्ये कोचीत बांधलेल्या नव्या नौकेला मिळाले. द्रव्य एकीकडे, नाव दुसरीकडे. उद्दालकाला यात नवल वाटलं नसतं.

त्याच १९६१च्या नोव्हेंबरात अमेरिकेची ‘एंटरप्राइज’ सेवेत आली. अणुशक्तीवर चालणारी ही जगातली पहिली विमानवाहू नौका, पोटात आठ अणुभट्ट्या. १९६४मध्ये तिनं वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९७१च्या डिसेंबरात, भारत-पाक युद्धात, राष्ट्राध्यक्ष निक्सननी तिला बंगालच्या उपसागरात धाडलं, तेव्हा बॉयलरला तडा गेलेली ‘विक्रांत’ तिथेच लढत होती. दोघींची गाठ पडली नाही.

‘एंटरप्राइज’ २०१७मध्ये निवृत्त झाली, पण तिला सरळ भंगारात काढता येईना. इंधन उपसलं तरी न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं अणुभट्टीचं पोलादच किरणोत्सारी झालेलं असतं. त्यातलं निकेल-६३ निम्मं व्हायला सुमारे १०० वर्षं लागतात. असं लोखंड वितळवलं तरी त्याचा इतिहास रसात उतरतोच. शिवाय युरेनियम फुटून सीझियम, स्ट्रॉन्शियम होतं. घट फुटल्यावर उरणारी माती इथे उरतच नाही. उद्दालकाचा दृष्टान्त इथे तोकडा पडतो.

सिद्धान्त मात्र कोसळत नाही; कारण अंतिम द्रव्य माती-लोखंड नव्हे, त्यांच्याही मुळाशी असलेलं ब्रह्म. जालना जिल्ह्यातल्याच जांबला १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास ‘दासबोधा’त पंचमहाभूतांनाही नाशिवंतांतच धरतात. त्यांच्या हिशेबी युरेनियमही असारच; ते नासलं म्हणून परब्रह्माला धक्का कसला?

हे उत्तर तर्काला पटतं, तरी काहीसं सोयीचं आहे. वेग ‘एंटरप्राइज’नं वापरला, दरारा एका पिढीनं मिरवला. तिचा किरणोत्सारी कचरा राखायचा आहे अजून न जन्मलेल्यांनी. न केलेल्या कर्माचं फळ भोगावं लागणं, याला आपल्या दर्शनांत अकृताभ्यागम हा दोष म्हणतात. तो टाळण्यासाठी ती पुनर्जन्म मांडतात: आजचा भोक्ता हाच मागचा कर्ता. मग १०० वर्षांनी त्या पोलादावर पहारा देणारा माणूस कोण असेल, आणि आज तो कुठल्या डेकवर उभा आहे, हेही सांगावं लागेल.