असन्निधानीचे स्मरण

अच्युतगोत्रीय साधनवंतहो,

श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले आणि नागदेवाचार्य दुःखाने देहभान विसरले. पुढे रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान सरले. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून एकेक लीळा मिळविली. असन्निधानी जीवाला आधार तो स्मरणाचाच.

या स्मरणाचा भंग आमिषाने होतो, तसाच भयाने. रिद्धपुराच्याच मोर्शी तालुक्यातील हिवरखेडचा उपदेशी घ्या. संत्र्याचा बहार गळाला, लेकरू तापाने फणफणले, की शेजारी सांगतो, ‘नवस बोला, नाहीतर देवता कोपेल.’ एका नवसात फळाचे आमिष आणि कोपाचे भय दोन्ही येतात. देवतेपाशी फळ नाही, असे आपले शास्त्र म्हणत नाही. ते फळ नाशिवंत आहे, मोक्षदाता परमेश्वर एकच, असे म्हणते.

म्हणून बागेला खतपाणी द्यावे, लेकराला वैद्याकडे न्यावे. मन मात्र रिकामे ठेवू नये. भयाशी झुंजत न बसता एक लीळा घ्यावी: स्थान कोणते, सन्निध कोण, स्वामींची चेष्टा कोणती. भय ओसरले नाही, तर दुसरी घ्यावी. भय उरले तरी चालेल. अनन्यता ढळू नये.

दंडवत प्रणाम.