उतरत्या वयाचा हिशेब

सात कसोट्या, ३५० धावा, सरासरी २५, शतक एकही नाही. नाव झाकून हे आकडे मेहकरच्या बसस्टँडसमोर चहा पिणाऱ्या कुठल्याही पोराला दाखवा. ‘याच्याहून आपल्या टेनिस-बॉलवाल्या टीममधला ओपनर बरा,’ असं तो बिनदिक्कत म्हणेल. नाव कर्नल सी. के. नायडूंचं आहे म्हटल्यावर मात्र त्यालाही थोडं थबकावं लागेल, कारण नागपुरात जन्मलेला हा माणूस भारताचा पहिला कसोटी कर्णधार होता, आणि त्याच्या नावानं आजही देशातल्या क्रिकेटमधला जीवनगौरव पुरस्कार दिला जातो.

मग नायडूंना उगाच डोक्यावर घेतलं का? आकड्यांवर विसंबणारा ‘हो’ म्हणेल. पण १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा नायडू छत्तीस वर्षांचे होते. ज्या वयात आज निवृत्तीची पत्रकार परिषद होते, त्या वयात त्यांचं कसोटी पदार्पण झालं. त्यांची खरी जवानी १९२६ सालच्या बॉम्बे जिमखान्यावर होती. तिथं एमसीसीविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा केल्या, त्यात अकरा षटकार. कसोटीच्या सरासरीत त्यातलं काहीच मोजलं जात नाही.

मला त्यांच्या पुढच्या आयुष्याचं जास्त अप्रूप वाटतं. १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या, तेव्हा पन्नाशी उलटली होती. १९५६-५७ च्या मोसमात ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले, वय एकसष्ट. ‘आता थांबा’ असं त्यांना कोणी म्हटलंही असेल, पण तो काही सार्वजनिक प्रश्न नव्हता. संस्थानाच्या पदरी असलेला खेळाडू, पैसा बेताचा, जागेसाठी रांग लहान. म्हातारपणी खेळत राहणं हा तेव्हा शौक होता, त्यात कुणी कुणाचं काही खात नव्हतं.

थांबण्याची वेळ हा मोठेपणाचा निकष झाला तो विजय मर्चंट यांच्यामुळे. ‘का थांबलास?’ असं लोक विचारत असतानाच थांबावं, ‘का थांबत नाहीस?’ विचारू लागेपर्यंत नव्हे, हा विचार त्यांच्या नावावर जमा आहे. पुढे विविध भारतीवर ते क्रिकेटचा कार्यक्रम करत. रेडिओ पोचला तिथं त्यांचा आवाज पोचला, आणि मुंबईच्या शिस्तीचं हे तत्त्व आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतही चारचौघांच्या तोंडी रुळलं. त्यांचा दाखला बिनतोड होता: १९५१ च्या दिल्ली कसोटीत इंग्लंडविरुद्ध १५४, आणि त्यानंतर कसोटी नाही. पण त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला होता आणि कारकीर्द त्या खांद्यानं संपवली, ही गोष्ट सांगताना बहुधा गळते. ज्या निवृत्तीचा आदर्श पुढच्या पिढ्यांना घालून दिला, तिच्यात मर्जी किती आणि मजबुरी किती, हे कोणी फारसं तपासलं नाही.

गावसकरांच्या बाबतीत तर आपण संपादनच केलं. मार्च १९८७, बंगळुरूची फिरकीला साथ देणारी खेळपट्टी, समोर पाकिस्तान आणि शेवटच्या कसोटी डावात ९६. अशी निवृत्ती हवी, असं सगळे म्हणतात. पण गावसकर तिथं थांबले नव्हते, त्याच वर्षीच्या विश्वचषकात ते खेळले. ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा फटकावल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. १९७५ च्या विश्वचषकात साठ षटकं खेळून नाबाद ३६ काढणारा हाच माणूस! आणि पाच दिवसांनी वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो चार धावांवर त्रिफळाचीत झाला. खरा शेवट तो होता. आपण ९६ ठेवले, ४ खोडले. विदर्भाच्या माणसानं निदान मधले १०३ तरी सोडू नयेत.

थोर खेळाडूचा शेवट असा पुष्कळदा चाहतेच निवडतात. खेळाडूच्या हातात फार तर तारीख असते.

सचिन तेंडुलकरकडे तारीखही होती आणि मैदानही. नोव्हेंबर २०१३, वानखेडे, दोनशेवी कसोटी, ७४ धावा आणि नंतरचं ते भाषण. त्या दुपारी मेहकरच्या दुकानांतूनही टीव्हीसमोर गर्दी होती, त्यात शेतमालाचे भाव विचारायला आलेले लोकही उभे होते. त्या क्षणावर कोणी बोट ठेवू नये. पण त्याआधीची तीन वर्षंही हिशेबात घ्यायला हवीत. शेवटचं कसोटी शतक जानेवारी २०११ मधलं, केपटाउनचं. नव्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक मार्च २०११ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला झालं आणि शंभरावं यायला पुढचा मार्च उजाडला, मिरपूरला बांगलादेशविरुद्ध. तो सामना भारत हरला. त्या वर्षभरात खेळापेक्षा आकडा मोठा झाला, आणि त्याला सचिनइतकेच आपणही जबाबदार होतो. प्रत्येक डावाआधी ‘आज होणार का?’ हेच तर आपण विचारत होतो. त्याच काळात अजिंक्य रहाणे संघासोबत फिरत सामन्यामागून सामने बाहेर बसला होता.

म्हातारा खेळाडू किती खेळला यावरून त्याला जोखणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. तो कुणाच्या जागेवर खेळला, हे विचारायला हवं. कपिलदेवनं फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदाबादला हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम मोडला. देश नाचला, आणि नाचावंच. पण १९९१ साली ऑस्ट्रेलियात कसोटी पदार्पण केलेला जवागल श्रीनाथ मायदेशात पहिली कसोटी खेळला तो नोव्हेंबर १९९४ मध्ये, कपिल निवृत्त झाल्यावर. ऐन वेगाची ती वर्षं त्याला कोणी परत दिली नाहीत. कपिल थोरच, पण त्याचे शेवटचे काही बळी महाग पडले. याउलट व्हीव्हीएस लक्ष्मण ऑगस्ट २०१२ मध्ये संघात निवड झालेली असताना, घरच्या हैदराबाद कसोटीच्या तोंडावर बाजूला झाला. निरोपाचा हार घेण्यापुरताही थांबला नाही.

कुस्तीत हा पेच निराळ्या रीतीनं सुटतो. पैलवान उतरणीला लागला की वस्ताद होतो. हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचं नाव त्यांनी मारलेल्या कुस्त्यांइतकंच कोल्हापूरच्या तालमीत त्यांच्या हाताखाली घडलेल्या मल्लांमुळे टिकलं. मातीला सरासरी ठाऊक नाही. क्रिकेटमध्ये त्या वळणाचे एक रमाकांत आचरेकर होते. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, आणि मुंबईच्या निम्म्या क्रिकेटवर त्यांचा हात आहे.

क्रिकेटमध्ये वस्तादपण खेळता खेळताही येतं, हे मी विदर्भात पाहिलं. वसीम जाफर ३१ कसोट्या खेळलेला, सरासरी ३४. अँटिग्वाचं द्विशतक सोडलं तर सर्वसामान्य रसिकाला त्याचं काही आठवत नसे. मुंबईनं तरुणांकडे मोहरा वळवल्यावर २०१५-१६ मध्ये तो विदर्भाकडून खेळू लागला, तेव्हा आमच्याकडच्या कट्ट्यावर ‘आता काय राह्यलं त्याचं?’ असंच बोललं गेलं. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली आणि विजयी फटका जाफरचाच होता. मार्चमधल्या इराणी सामन्यात चाळिशी ओलांडलेल्या या माणसानं २८६ धावा काढल्या. पुढच्या मोसमात हजारांवर धावा आणि दुसरी रणजी. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि हॅट्ट्रिकवाला रजनीश गुरबानी यांचं श्रेय कमी होत नाही. पण त्या संघाला जिंकण्याची सवय नव्हती आणि मुंबईकडून आठ रणजी अंतिम सामने जिंकलेल्या जाफरला दुसरं काही माहीतच नव्हतं. त्यानं विदर्भाच्या कुणा पोराची जागा अडवली, असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

हेच मुंबईत घडलं असतं तर ‘किती चिकटून बसलाय’ असं म्हटलं गेलं असतं, आणि तेही चुकीचं ठरलं नसतं. मुंबईत दाराबाहेर रांग होती. आपल्याकडे दार उघडंच होतं. वेळेवर थांबण्याचा तो मुंबईचा नियम आपण सगळ्या महाराष्ट्रासाठी घेतला, पण तो रांगेच्या गावचा नियम आहे. बुलढाणा जिल्ह्यातली पोरं नागपूर गाठतात, निवड चाचण्या देतात, पुष्कळशी परत येतात. त्यांना वेळेवर निवृत्त झालेल्या महानायकापेक्षा नेटमध्ये शेजारी उभा राहून बॅकफूट कुठं टाकायचा ते दाखवणारा चाळिशीचा माणूस जास्त उपयोगाचा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मोठमोठी नावं रणजीत एखादा सामना खेळून गेली. कोहलीसाठी दिल्लीत लोटलेली गर्दी सगळ्यांनी पाहिली, तो सहा धावांवर बाद झाला. त्याच मोसमाच्या शेवटी नागपुरात विदर्भ केरळविरुद्ध अंतिम सामना खेळत होता. कसोटीत त्रिशतक करूनही बाजूला पडलेला, कर्नाटकातून आलेला तेहतीस वर्षांचा करुण नायर तेव्हा आपल्याकडे होता. त्यानं ८६ आणि १३५ धावा केल्या, विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली, नायर कसोटी संघात परतला आणि पुढं कर्नाटकातही परतला. त्याबद्दल इकडे थोडी नाराजी आहे. मला ती पटत नाही. त्या अंतिम सामन्यात दोन्ही डावांत नायरच्या समोरच्या टोकाला एकवीस वर्षांचा दानिश मालेवार होता. त्याच्या धावा १५३ आणि ७३.