निकामी कशास म्हणावे?

एखादी वस्तू निकामी झाली, असे म्हणण्याचा अधिकार आपणास केव्हा प्राप्त होतो? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या जबलपूरच्या घरी तो एका जुन्या संगणकाच्या निमित्ताने उभा राहिला आणि अद्याप मनातून गेलेला नाही.

जबलपूर व नागपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. त्या काळी नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. वडील १९०४ साली स्थापन झालेल्या येथील गन कॅरेज फॅक्टरीत कारागीर होते. बिघडलेली वस्तू आधी तपासावी, मग तिच्याविषयी बोलावे, हा त्यांचा शिरस्ता. मी मात्र तो विसरलो.

विजांच्या एका रात्रीनंतर सकाळी संगणकाचे बटण दाबले, तर दिवा लागेना, पंखा फिरेना. मुलगा म्हणाला, "बाबा, हा मेला. आता नवाच घेऊ." मीही मान डोलावली. आतील कागदपत्रांची चिंता नव्हती. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली असती, तर ती बहुधा मिळाली असती. खटकले ते निराळेच. आम्ही दोघांनी काहीही न तपासता निकाल दिला होता, आणि त्या निकालात नव्या वस्तूचा मोह किती होता, हे आमचे आम्हालाच ठाऊक!

तरी एका वृद्ध तंत्रज्ञास बोलावले. त्यांनी वीज पुरविणाऱ्या पेटीची, म्हणजे एसएमपीएसची, चोवीस टोकांची जोडणी मदरबोर्डपासून सोडविली आणि तीतील हिरवी तार काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडून पाहिली. पेटी सुस्थितीत असती, तर तिचा पंखा फिरला असता. तो फिरला नाही. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणे, हे या पेटीचे काम. ते थांबले की प्रोसेसर, मेमरी, डिस्क सारे धडधाकट असूनही निश्चल होतात. बाहेरून पाहणाऱ्यास उपाशी आणि मृत यांतील भेद कळत नाही.

तो भेद आमच्या घरात त्या एकाच गृहस्थास ठाऊक होता. "मदरबोर्ड जळाला," असे त्यांनी सांगितले असते, तरी आम्ही विश्वास ठेवला असता. ज्याला पडताळून पाहता येत नाही, त्याच्यापुढे खरे बोलणे हीच प्रामाणिकपणाची खरी कसोटी होय.

मग मी दुसऱ्या टोकास गेलो. "हीच पेटी दुरुस्त करा," असा आग्रह धरला. त्यांनी नकार दिला. बंद केलेल्या पेटीतील कपॅसिटरमध्येही घातक विद्युतभार काही काळ शिल्लक राहू शकतो. शिवाय वर्षानुवर्षांच्या उष्णतेने शुष्क झालेले भाग पुन्हा केव्हा दगा देतील, याचा नेम नाही. मिळेल ती स्वस्त पेटीही त्यांनी बसविली नाही. वेष्टनावर छापलेले वॉट प्रत्यक्षात मिळतीलच असे नसते, आणि जुन्या काही संगणकांत जोडणीचा आकार तोच असूनही तारांचा क्रम निराळा असे. तेथे चुकीची पेटी लावल्यास मदरबोर्डच जळतो. सर्व पाहून त्यांनी योग्य पेटी बसविली आणि संगणक सुरू झाला. जुनी पेटी आम्ही ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली.

तात्पर्य, चुका दोन प्रकारच्या असतात. एक भाग गेला म्हणून सगळेच फेकून देणे ही पहिली. मायेपोटी निर्जीव भागालाही कवटाळून बसणे ही दुसरी. या दोहोंमधून मार्ग दाखविते ती तपासणी, आणि तपासणीला लागतो वेळ. तोच द्यावयास आपण कचरतो.

वाचकहो, निवृत्त झालेला शेजारी, परीक्षेत हरलेला मुलगा, अबोला धरलेला भाऊ यांच्याविषयी, "आता त्याच्यात काही राहिले नाही," असे आपण किती सहज म्हणतो! त्याला मिळणारा आधार कोठे तुटला, हे कोणी पाहिलेले असते काय? यंत्राची तपासणी अर्ध्या तासात संपते आणि त्याच्याविषयी निकालही देता येतो. मनुष्याच्या बाबतीत ती कधीच पूर्ण होत नाही. म्हणून तेथे निकाल देण्याचा अधिकारही आपणास कधीच प्राप्त होत नाही.