नास्तिकता हीही एक श्रद्धाच का?

गेल्या पावसाळ्यात श्रीरामपूर तालुक्यातील एका धर्मग्रामात, आमच्या परिचयाच्या कुटुंबात, बाळाचा स्नानसंस्कार ठरला. आपल्या धाकट्या भावानेच बाळाचा धर्मपिता व्हावे, अशी बाळाच्या आईची इच्छा होती. भाऊ पुण्यास नोकरीला. हुशार, मनमिळाऊ, बहिणीवर जीव टाकणारा. तो चार दिवस आधीच गावी आला, भाच्याला मांडीवर घेऊन बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, याच्यासाठी काय लागेल ते करीन. पण स्नानकुंडापाशी उभे राहून 'होय, माझा विश्वास आहे' असे मला म्हणता येणार नाही. तो आता राहिलेला नाही. देवळात उभे राहून खोटे कसे बोलू?"

घर एकदम गप्प झाले. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. शेवटी निवृत्त शिक्षक असलेले थोरले काका म्हणाले, "अरे, देव नाही असे म्हणणे हीसुद्धा एक श्रद्धाच! तूही कशावर तरी विश्वास ठेवतोसच ना? मग तुझ्यात आणि आमच्यात फरक काय? उभा राहा आणि म्हणून टाक." सगळे हसले. आम्हीही हसलो. तो मात्र हसला नाही. परतीच्या वाटेवर आम्हांला त्या हसण्याची लाज वाटू लागली. कारण काकांनी त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते, त्याचे तोंड तेवढे बंद केले होते.

काकांचे हे वाक्य आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. दिसावयास ते बिनतोड आहे. देव आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही, तसे देव नाही हेही करता येत नाही. तेव्हा दोन्ही पक्ष श्रद्धेचेच, असा तो युक्तिवाद. परंतु ज्या वाक्याने वाद मिटतो त्याने सत्य सापडतेच असे नाही. म्हणून ते जरा तपासून पाहू या.

आरंभ शब्दापासूनच करावा. पाणिनीने 'आस्तिक' आणि 'नास्तिक' हे शब्द 'मती' या शब्दाशी जोडले आहेत. ज्याची मती 'आहे' अशी, तो आस्तिक. ज्याची 'नाही' अशी, तो नास्तिक. पुढे वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, असा अर्थ रूढ झाला. त्यामुळे जगत्कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीत बसले आणि जैन, बौद्ध व चार्वाक नास्तिक ठरले. आपल्या पूर्वजांवरही हा शिक्का बसलेला आहे. रोमन साम्राज्यात देवळांतील मूर्तींपुढे धूप न जाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांना नास्तिक म्हणत. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्ना येथील वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांना, नास्तिकांचा धिक्कार करा म्हणजे सुटाल, असे अधिकाऱ्याने सांगितले. ते नास्तिक म्हणजे आपलेच ख्रिस्ती बांधव! त्याच काळातील संत जस्टिन यांनी तर सम्राटाला उद्देशून स्पष्ट लिहिले, की तुमच्या त्या देवांपुरते आम्ही नास्तिक आहोत, खऱ्या देवाच्या बाबतीत मात्र नाही. यावरून एवढे ध्यानी येते, की 'नास्तिक' हा शब्द माणूस काय मानत नाही ते सांगतो. तो काय मानतो, याविषयी तो शब्द मुका आहे.

याचे उदाहरण आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातच आहे. ऑगस्ट 1942 मध्ये 'छोडो भारत' ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तेथे बंदिवासात आले. त्यांत पंडित नेहरू होते. सगुण, व्यक्तिरूप ईश्वराची कल्पना त्यांच्या मनाला कधी भावली नाही. आचार्य नरेंद्र देव होते. ते मार्क्सवादी समाजवादी आणि बौद्ध दर्शनाचे व्यासंगी. आणि मौलाना आझाद होते. तारुण्यात वारशाने आलेली श्रद्धा गमावून, संशयाच्या वाटेने पुन्हा श्रद्धेपर्यंत आलेले ते मुसलमान. एप्रिल 1943 मध्ये मौलानांच्या पत्नीचे कलकत्त्यास निधन झाले. अंत्यदर्शनही त्यांना घडले नाही. याच भिंतींआड त्यांची पत्रे लिहिली गेली आणि 1944 साली नेहरूंचे 'भारताचा शोध' हे पुस्तकही. नेहरू आणि नरेंद्र देव या दोघांनाही कोणी ईश्वर न मानणारे म्हणून एका खणात टाकील; पण एकाच्या विचाराला मार्क्स आणि बुद्ध यांचा आधार, दुसऱ्याच्या मनाला इतिहासाची आणि विज्ञानाची ओढ. त्यांचा समान धर्मग्रंथ नव्हता, उपासना नव्हती, सण नव्हता. केवळ 'नाही' या एका शब्दावर पंथ उभा राहत नाही.

2011 च्या जनगणनेत देशभरातील सुमारे 33 हजार लोकांनी आपली नोंद नास्तिक अशी केली. ती नोंद झाली धर्माच्याच रकान्यात. पण पत्त्याच्या रकान्यात 'बेघर' असे लिहिल्याने बेघरपणा हे काही घर होत नाही.

तरीही काकांच्या म्हणण्यात तथ्याचा एक कण आहे आणि तो टाकून देणे अन्यायाचे होईल. कोणीही मनुष्य नुसत्या नकारावर जगत नाही. गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण घ्या. ईश्वर आणि परलोक यांविषयी ते अज्ञेयवादी होते. 1888 साली त्यांनी 'सुधारक' पत्र काढले, बालविवाहावर आणि विधवांच्या छळावर कोरडे ओढले, आणि जिवंतपणीच पुण्यात स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. 1895 साली, वयाच्या चाळिशीच्या आतच, ते गरिबीत वारले. मोठ्या पगाराची वाट त्यांना मोकळी होती. मरणानंतर बक्षीस मिळेल अशी आशा नव्हती. मग हा मनुष्य कशाच्या बळावर उभा राहिला? सत्य बोललेच पाहिजे, दुबळ्याचे दुःख हे आपले दुःख आहे, या निष्ठेच्या बळावर. ही निष्ठाही प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही. ती मनुष्य स्वीकारतो आणि तिच्यासाठी किंमत मोजतो.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करणे अगत्याचे आहे. 'देव नाही' ही एक मती आहे. एका प्रश्नाचे एक उत्तर. त्या उत्तराभोवती माणूस जे आयुष्य रचतो ती त्याची जीवनदृष्टी. ती मानवतावादाची असेल, मार्क्सवादाची असेल, केवळ चैनीची असेल किंवा आगरकरांसारखी कठोर कर्तव्याचीही असेल. मार्क्सवादाला ग्रंथ आहेत, आचार्य आहेत, उद्याच्या जगाचे स्वप्न आहे. त्याला श्रद्धाप्रणाली म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही. पण ते नाव मार्क्सवादाला लागू पडते, त्यातील नकाराला नव्हे. नास्तिकतेला धर्म म्हणणे म्हणजे पायाच्या एका दगडाला वाडा म्हणण्यासारखे आहे.

आपल्या राज्यघटनेने हा भेद ओळखला आहे. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी सूचना मांडली. ती 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. विरोध करणाऱ्यांत देवभक्तही होते. श्रद्धेची सक्ती होऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. घटनेतील शपथेच्या नमुन्यात 'ईश्वरसाक्ष' आणि 'गांभीर्यपूर्वक' असे दोन्ही पर्याय आहेत. पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे तिघांची याचिका आली. आमची येशू ख्रिस्तावर श्रद्धा आहे, पण ख्रिस्ती किंवा अन्य कोणताही धर्म आम्ही मानत नाही. राजपत्रात आमची तशी नोंद व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी मुद्रणालयाने ते नाकारले होते. सप्टेंबर 2014 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की अनुच्छेद 25 मधील सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचे स्वातंत्र्यही येते आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही. नास्तिकता हा एक धर्म आहे म्हणून तिला संरक्षण द्यावे, असे त्यात नाही. संरक्षण आहे ते विवेकाला, आणि तोच विवेक आपल्यालाही मिस्साबलिदानास घेऊन जातो.

आता आमचा खरा आक्षेप सांगतो. नास्तिकतेलाही श्रद्धा म्हणून मोकळे होताना आपण नास्तिकाला आपल्या पायरीवर आणले असे आपणांस वाटते. वस्तुतः आपण श्रद्धेलाच खाली उतरवलेले असते. पुराव्यावाचून धरलेले मत एवढाच जर श्रद्धेचा अर्थ असेल, तर आमचे एक मत, तुझे दुसरे, प्रश्न मिटला. परंतु ख्रिस्तसभा ज्याला श्रद्धा म्हणते ते असे मत नव्हे. ढग पाहून उद्या पाऊस येईल असे शेतकरी मानतो, ते मत. पुराच्या पाण्यात बापाने हात पुढे केला आणि पोराने तो घट्ट धरला, ती श्रद्धा. तिच्यात कोणीतरी हाक मारणारा आहे आणि त्या हाकेला दिलेली 'ओ' आहे. 'देव नाही' म्हणणारा कोणाचा हात धरतो? त्याच्या म्हणण्यात हात पुढे करणारा कोणीच नाही. मग त्याच्या नकाराला श्रद्धा हे नाव देऊन आपण ना त्याला न्याय देतो, ना स्वतःला.

7 डिसेंबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसृत केला. त्यात नास्तिकतेचा विचार गांभीर्याने केलेला आहे. ती एकाच प्रकारची नसते, हे परिषदेने आधी मान्य केले. कोणी जगातील दुःखाविरुद्धच्या संतापाने देव नाकारतो, तर कोणी देव म्हणून जे विकृत चित्र त्याच्यापुढे ठेवले गेले तेच नाकारतो. परिषदेने नास्तिकतेचा स्वीकार केला नाही. तिच्यामुळे मनुष्याचे थोरपण उणावते, हे स्पष्ट सांगितले. पण त्याच ठिकाणी, नास्तिकतेच्या जन्मात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो, अशी कबुलीही दिली. धर्मशिक्षणाची हेळसांड, शिकवणुकीची चुकीची मांडणी आणि आपल्या आचरणातील उणिवा यांमुळे आपण देवाचा चेहरा दाखवण्याऐवजी झाकून टाकतो.

श्रद्धा आणि अश्रद्धा यांतील अंतर आपण समजतो तेवढे सरळ नाही, हे संत छोटी तेरेजा हिने भोगून जाणले. 1896 च्या ईस्टरपासून 30 सप्टेंबर 1897 रोजी देवाघरी जाईपर्यंत तिच्या मनावर दाट अंधार होता. स्वर्ग आहे की नाही, हाच विचार तिला छळी. अश्रद्धांच्या पंगतीत बसून दुःखाची भाकर खाण्यास ती तयार झाली. त्या दिवसांत तिने प्रेषितांचा विश्वासांगीकार स्वतःच्या रक्ताने लिहून हृदयाशी बाळगला. अश्रद्धांना ती हसली नाही, आणि विश्वासांगीकार तिने 'म्हणून टाकला' नाही.

पुन्हा त्या घराकडे वळू. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार धर्मपिता श्रद्धेचे जीवन जगणारा असावा लागतो. म्हणजे वडीलधाऱ्यांनी ज्याला हट्टी ठरवले, त्यानेच त्या दिवशी ख्रिस्तसभेचा नियम काटेकोर पाळला होता. 'होय' या शब्दाचे वजन तो ओळखून होता आणि ते पेलवत नाही म्हणून त्याने तो उच्चारला नाही. त्याच्या निर्णयाचे आम्हांला दुःख आहे. ते आम्ही लपवीत नाही. परंतु ज्याला खोटे 'होय' म्हणवत नाही, त्याच्या मनात खऱ्या 'होय'ची जागा अजून रिकामी आहे, अशी आमची आशा आहे. हसून मारलेल्या कोटीने ती जागा भरत नाही, उलट बुजते.

स्नानसंस्काराच्या दिवशी चुलतभाऊ धर्मपिता म्हणून उभा राहिला. मामा मागच्या बाकावर होता. पाऊस सुरू झाला, तेव्हा बाळाला छत्रीखाली कुशीत धरून घरी त्यानेच आणले. जेवणाच्या वेळी काकांनी त्याला हाक मारून आपल्या शेजारी बसवले. त्या विषयावर कोणी बोलले नाही. पण त्या दिवशी कोणी हसलेही नाही.

पुढच्या रविवारी आमच्या देवळात विश्वासांगीकार सुरू झाला. इतकी वर्षे तो आम्ही एका दमात म्हणत आलो आहोत. त्या दिवशी पहिल्याच शब्दापाशी आम्ही थबकलो, आणि लोक दोन ओळी पुढे निघून गेले.