गहाण पडलेले घर

मनाविरुद्धच्या चाकरीच्या पैशावर मनाजोगी कलाकृती उभारणे साधनशुचितेत बसते काय? ‘अ चाइल्ड इज वेटिंग’ (१९६३) हा आपला चित्रपट निर्माते स्टॅन्ली क्रेमर यांनी परस्पर बदललेला पाहिल्यावर अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसावेटीस यांनी नटाच्या मिळकतीतून स्वतःचे चित्रपट काढले. यात मला दोष दिसत नाही. त्यांनी श्रम विकले, निर्णयाचा अधिकार विकला नाही. (आम्हा वकिलांना इतकेही म्हणवत नाही!)

खरा पेच पुढेच आहे. ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ (१९७४) या चित्रपटासाठी त्यांनी राहते घर गहाण टाकले. आपल्या व्रतासाठी कुटुंबाचा निवारा पणास लावावा काय? येथे द्यूतसभेतील द्रौपदीचा प्रश्न आठवतो. पत्नी जीना रोलंड्स त्या चित्रपटाच्या नायिकाच होत्या; त्या पणात त्या भागीदार होत्या असे मानता येईल. पण मुलांचे काय? अज्ञान बालकाची संमती कायदा मानीत नाही.

चित्रपट गाजला, पतिपत्नी दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले. मुलगा निक पुढे स्वतः दिग्दर्शक झाला आणि ‘द नोटबुक’मध्ये (२००४) त्याने आईलाच भूमिका दिली. परंतु ही साक्ष मागाहूनची आहे. घर गहाण पडले त्या दिवशी ती कोणाच्याही हाती नव्हती.