नोट, यंत्र आणि विश्वास

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. पाचशे-हजारांच्या जुन्या नोटा रद्द होऊन जेमतेम तीन आठवडे लोटले होते. दुकानांत कार्डाची यंत्रे आली. सोयीला आमचा विरोध नाही. परंतु ज्याला अक्षरओळख नाही, अशा पाड्यावरील मजुराला आपला गुप्त क्रमांक दुसऱ्याला सांगावा लागतो. नोट तो रंगावरून ओळखतो, मोजून घेतो. यंत्राच्या चिठ्ठीवर मात्र त्याने विश्वास ठेवायचा. हा विश्वास की नाइलाज? शुभवर्तमानातील विधवेने आपली दोन नाणी स्वतःच्या हाताने टाकली होती. किती टाकली, हे तिला ठाऊक होते. वाण्याने चिठ्ठी वाचून दाखवावी, आपल्या शिकलेल्या मुलांनी शेजारच्या आजीबरोबर बँकेच्या खिडकीशी उभे राहावे. हे त्यांचे येणेच आहे. दया हा शब्द येथे जरा मोठाच होईल.